अंग बाहेर येण्याचा विकार : शस्त्रक्रियेच्या वाटा आणि त्यांची निवड

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमेश्वर कर्णेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे व छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मृतीमुळे सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. या तालुक्याचा विस्तार पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो. गावे डोंगरउतारांवर विखुरलेली असून एकेका गावात अनेक वाड्या आहेत. घरातील कर्ता पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस आणि शेती, गुरे, पाणी व सरपण यांचा भार घरच्या स्त्रीवर, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया असल्याचे २०११ च्या जनगणनेत आढळले, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

आषाढात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारी, भाताचे भारे डोक्यावरून खळ्यापर्यंत आणणारी, डोंगर उतरून सरपणाची मोळी घरी नेणारी ही स्त्री पुष्कळदा एक दुखणे कोणासही न सांगता सोशीत असते. बोलीभाषेत त्यास 'अंग बाहेर येणे' किंवा 'मायांग बाहेर येणे' असे म्हणतात. हा विकार सहसा जीवघेणा नसतो व त्याच्या वेदना इतरांना दिसत नाहीत. म्हणून त्याची वाच्यता होत नाही. विकार फार वाढल्यावर स्त्री रुग्णालयात येते आणि 'पिशवी काढून टाका' एवढीच मागणी करते. वस्तुतः या विकारावर आज अनेक उपाय उपलब्ध आहेत. त्यांपैकी काही शंभर वर्षांहून जुने आहेत, तर काही गेल्या तीस वर्षांतील. त्यांच्यात फरक कोणता, कोणता उपाय कोणास योग्य आणि पोटावरील छेद लहान असला म्हणजे शस्त्रक्रिया चांगलीच ठरते काय, याचा विचार या लेखात केला आहे.

विकाराचे स्वरूप

स्त्रीच्या कटिरामध्ये पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व मागे गुदाशय असे तीन अवयव असतात. त्यांना आपापल्या जागी धरून ठेवण्याची निसर्गाची योजना घरातील शिंक्यासारखी आहे. शिंक्यात मडके टांगलेले असावे व त्याखाली आधारास एक फळीही असावी, अशी कल्पना करावी. फळी जागेवर आहे तोवर शिंक्याच्या दोऱ्यांवर ताण पडत नाही. फळी निसटली की सर्व भार दोऱ्यांवर येतो, त्या हळूहळू लांबतात आणि मडके खाली येते. कटिरतळाचे स्नायू म्हणजे ही फळी, आणि गर्भाशयाच्या मुखापासून पाठीमागच्या त्रिकास्थीकडे व दोन्ही बाजूंना जाणारे तंतुमय बंध म्हणजे शिंक्याच्या दोऱ्या होत.

प्रसूतीच्या वेळी हे स्नायू अतिशय ताणले जातात, क्वचित हाडापासून सुटतात. कळा फार लांबल्या, बाळंतपणे पुष्कळ व कमी अंतराने झाली, किंवा बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत जड कामास सुरुवात केली, तर स्नायूंना पूर्ववत होण्यास अवसर मिळत नाही. चुलीच्या धुरामुळे जडलेला जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि नित्याचे ओझे यांनी पोटातील दाब वाढतो. पाळी गेल्यानंतर अंतःस्रावांची पातळी घटून ऊती दुबळ्या होतात. या कारणांची बेरीज होऊन विकार प्रकट होतो.

गर्भाशय खाली आले तर त्यास गर्भाशयभ्रंश म्हणतात. योनिमार्गाची पुढील भिंत सैल होऊन मूत्राशय खाली उतरते, तर मागील भिंत सैल होऊन गुदाशय पुढे येते. बहुधा यांपैकी दोन किंवा तीनही गोष्टी एकत्र आढळतात. विकाराच्या मोजमापाची सर्वमान्य पद्धत १९९६ मध्ये ठरविण्यात आली. तीनुसार योनिद्वाराची कडा हा शून्यबिंदू मानून अवयव किती सेंटिमीटर वर अथवा खाली आहे ते मोजतात व विकाराच्या चार पायऱ्या धरतात. पहिल्या पायरीत अवयव कडेच्या एक सेंटिमीटरहून अधिक वर असतो. दुसरीत तो कडेच्या आसपास येतो, तिसरीत बाहेर दिसतो आणि चौथीत बहुतेक सर्व भाग बाहेर येतो. शस्त्रक्रियेची निवड करताना या मोजमापाचे महत्त्व मोठे असते, कारण शिंक्याची कोणती दोरी सैल झाली आहे हे त्यावरून कळते.

मौनाची व्याप्ती

स्त्रिया ही दुखणी किती लपवितात याचे प्रमाण महाराष्ट्रातच मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, मात्र त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ही तपासणी एकट्या गर्भाशयभ्रंशाची नव्हती. तथापि दुखणे आहे आणि त्याची वाच्यता नाही ही स्थिती तिने जगापुढे मांडली. विकार पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असताना स्त्री पुढे आली, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही, म्हणून या मौनाचा विचार आधी करावा लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय

कटिरतळाच्या स्नायूंचा व्यायाम हा पहिला उपाय. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते आवळून काही सेकंद धरावे व सैल सोडावे. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे आणि असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन-चार महिने करावे. यास साधन लागत नाही व खर्चही नाही. ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील ४४७ स्त्रियांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शिकवणीनुसार हा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा त्रास वर्षभरात इतरांपेक्षा कमी झाल्याचे आढळले. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र केवळ व्यायामाने आत जात नाही.

दुसरा उपाय रिंगेचा. योग्य मापाची सिलिकोनची रिंग योनिमार्गात बसविली की अवयव वर धरले जातात. डॉक्टर तिला पेसरी म्हणतात. वृद्ध, हृदयविकार किंवा दम्यामुळे भूल सोसू न शकणाऱ्या, गरोदर अथवा शेतीचा हंगाम संपेपर्यंत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू इच्छिणाऱ्या स्त्रीस ती उपयुक्त ठरते. रिंग बसविल्यावर तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, स्वच्छ करून तपासून घेणे आवश्यक असते. बसवून विसरलेली रिंग आत जखम करते.

खालची वाट : पोटावर छेद नसलेल्या शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेस कटिरात पोहोचण्याच्या वाटा मुख्यतः दोन : खालून योनिमार्गाने, किंवा वरून पोटातून. खालच्या वाटेने पोटावर एकही छेद द्यावा लागत नाही. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला तरी काम भागते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना 'कमी छेदाच्या' म्हणण्याचा आज प्रघात आहे, परंतु सर्वांत कमी छेदाची वाट ही जुनीच होय.

या वाटेवरील सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या नावाने ओळखली जाते. आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी ती १८८८ मध्ये प्रथम केली आणि पुढे फोदरगिल यांनी तीत सुधारणा केली. हिच्यात गर्भाशय काढीत नाहीत. लांबलेल्या गर्भाशयमुखाचा काही भाग छाटून, बाजूचे बंध आखूड करून पुढे शिवतात व भिंतींची दुरुस्ती करतात. दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे योनिमार्गाने गर्भाशय काढून टाकणे, म्हणजेच लोकांच्या भाषेत 'खालून पिशवी काढणे'. तिसरीत गर्भाशयमुख अथवा योनीचा वरचा भाग बैठकीच्या हाडाजवळून त्रिकास्थीकडे जाणाऱ्या मजबूत बंधास टाक्यांनी बांधतात. अतिशय वृद्ध व वैवाहिक संबंध नसलेल्या स्त्रीसाठी योनिमार्ग अंशतः शिवून बंद करण्याची एक शस्त्रक्रियाही आहे. फ्रान्समधील ल फोर्ट यांच्या नावाने ती १८७७ पासून परिचित असून ती थोड्या वेळात होते व टिकते. परंतु ती सहसा परत फिरविता येत नाही, म्हणून स्त्रीची पूर्ण समजूत पटल्यावरच ती करावयाची असते.

जुनी म्हणून ही वाट टाकाऊ ठरत नाही. नेदरलँड्समध्ये ४३४ स्त्रियांवर मँचेस्टर शस्त्रक्रिया व मजबूत बंधास गर्भाशय बांधण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली व निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर मँचेस्टर शस्त्रक्रिया सुमारे ८७ टक्के स्त्रियांत, तर दुसरी सुमारे ७७ टक्के स्त्रियांत यशस्वी ठरली. एकशे पस्तीस वर्षांची ही शस्त्रक्रिया नव्या परीक्षेतही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईने दिलेली वरची वाट

मँचेस्टर शस्त्रक्रियेत एक उणीव होती. गर्भाशयमुख छाटल्यामुळे पुढे गर्भपात होण्याचा किंवा दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा धोका वाढे. भारतात हा विकार केवळ प्रौढ स्त्रियांतच नव्हे, तर ऐन तारुण्यातील, मूल हवे असलेल्या स्त्रियांतही आढळे. त्यांचे काय करावे, हा प्रश्न मुंबईच्या डॉक्टरांपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तरही त्यांनीच शोधले.

त्यांतील अग्रणी म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. त्यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडे येथे झाला व शिक्षण मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात झाले. गर्भाशयमुख सैल असल्याने वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी त्यांनी १९५५ मध्ये सांगितलेला 'शिरोडकर टाका' जगभर वापरला जातो. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला व त्याच वर्षी ते निवर्तले. गर्भाशयभ्रंशावर त्यांनी दोन प्रकारे विचार केला. एक म्हणजे मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयमुख न छाटता मागील बंध पुढे घेण्याची सुधारणा. दुसरा म्हणजे पोट उघडून, गर्भाशयमुखाच्या मागील बाजूस न विरघळणारी कृत्रिम धाग्याची पट्टी शिवून ती त्रिकास्थीच्या वरच्या कडेवरील बंधास बांधणे. म्हणजे जुन्या, झिजलेल्या दोरीच्या जागी त्याच दिशेने नवी दोरी बांधून शिंके पुन्हा उभे करणे होय.

ही शस्त्रक्रिया शरीररचनेस अनुरूप आहे, पण सोपी नाही. त्या ठिकाणी मोठ्या रक्तवाहिन्या व मूत्रवाहिनी असतात आणि डाव्या बाजूस मोठे आतडे आड येते. म्हणून मुंबईत तिला पर्यायही निघाले. डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशयमुख पुढील बाजूने पोटाच्या भिंतीतील मजबूत आवरणास बांधण्याची रीत रूढ केली. ती तुलनेने सोपी असते, मात्र गर्भाशय पुढे ओढले जात असल्याने मागील बाजू मोकळी राहते. डॉ. खन्ना यांनी पट्टीची टोके कमरेच्या दोन्ही बाजूंच्या पुढील हाडांना बांधली. डॉ. विरकुड यांनी उजवीकडे त्रिकास्थी व डावीकडे पोटाची भिंत असा मध्यम मार्ग काढला. भारतातील वैद्यकीय विद्यार्थी ही सर्व नावे आजही अभ्यासतात.

वरची वाट दुर्बिणीने

पोट उघडण्याऐवजी पाच ते बारा मिलिमीटरच्या तीन ते पाच छिद्रांतून दुर्बीण व लांब अवजारे आत घालून हेच काम करता येऊ लागले, तेव्हा वरच्या वाटेचे रूप पालटले. गर्भाशय पूर्वीच काढलेल्या स्त्रीची योनी जाळीच्या साहाय्याने त्रिकास्थीस बांधण्याची शस्त्रक्रिया पोट उघडून केली जात असे. १९९४ मध्ये ती दुर्बिणीने केल्याचे वृत्त प्रथम प्रसिद्ध झाले. शिरोडकर व पुरंदरे यांच्या शस्त्रक्रियाही आज दुर्बिणीने होतात. जर्मनीत २०११ च्या सुमारास पुढे आलेल्या एका पद्धतीत जाळीची टोके त्रिकास्थीऐवजी कटिराच्या पुढील हाडावरील दोन्ही बाजूंच्या बंधांना शिवतात. त्यामुळे मागील रक्तवाहिन्यांजवळ जावे लागत नाही आणि आतड्याची जागाही आवळली जात नाही. लठ्ठ स्त्रियांत व आतडे चिकटलेले असता ही पद्धत सोयीची ठरते.

पोट उघडण्याच्या तुलनेत दुर्बिणीचे लाभ निश्चित आहेत. रक्तस्राव कमी होतो, वेदना कमी असतात, रुग्णालयातील मुक्काम घटतो आणि अंग वर राहण्याचे यश सारखेच राहते. परंतु तिची किंमतही लक्षात घ्यावी लागते. संपूर्ण भूल द्यावी लागते, पोटात वायू भरून डोक्याची बाजू खाली करावी लागते, वेळ अधिक लागतो, आणि आत टाके घालण्याचे कौशल्य मिळविण्यास सर्जनला दीर्घ सराव करावा लागतो. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या वृद्ध स्त्रीस ही स्थिती सोसेलच असे नाही.

यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया ही याच वाटेची पुढील पायरी आहे. सर्जन बाजूस बसून यंत्राचे हात चालवितो. टाके घालणे सुलभ होते व सर्जनला थकवा कमी येतो. तथापि अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत यंत्रमानवाच्या शस्त्रक्रियेस साध्या दुर्बिणीपेक्षा वेळ व खर्च अधिक लागला आणि रुग्णास होणारा लाभ मात्र अधिक नव्हता. म्हणून हे यंत्र जवळ नाही, एवढ्यावरून एखादे रुग्णालय या विकाराच्या उपचारास अपुरे ठरत नाही.

जाळीचा धडा

कृत्रिम जाळीविषयी एक भेद स्पष्ट समजून घेतला पाहिजे. पोटाच्या वाटेने त्रिकास्थीस बांधलेली जाळी निराळी आणि योनीच्या भिंतीत खालून घातलेली जाळी निराळी. या दुसऱ्या प्रकारचा या शतकाच्या आरंभी मोठा गाजावाजा झाला. पुढे जाळी भिंतीतून उघडी पडणे, सततची वेदना व रक्तस्राव अशा तक्रारी वाढल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ व २०११ मध्ये इशारे दिले आणि एप्रिल २०१९ मध्ये या विकारासाठी खालून घालावयाच्या जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. ब्रिटनमध्ये तेराशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही योनीच्या भिंतीत घातलेल्या जाळीमुळे दोन वर्षांत अधिक लाभ दिसला नाही.

पोटाच्या वाटेने बसविलेल्या जाळीस हा आदेश लागू नव्हता, पण तीही सर्वस्वी निर्धोक नाही. अमेरिकेतील स्त्रियांच्या सात वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे दहापैकी एकीस जाळी अथवा टाके उघडे पडण्याचा त्रास झाल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. नवी वस्तू शरीरात कायमची ठेवावयाची, तर तिची गरज सिद्ध झालेली असावी, हा यातील बोध होय.

तुलना कशी करावी

जगभरातील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यानुसार, योनीचा वरचा भाग खाली आला असता पोटाच्या वाटेने त्रिकास्थीस बांधण्याच्या शस्त्रक्रियेनंतर विकार उलटण्याचे प्रमाण खालच्या वाटेपेक्षा कमी असते. यावरून प्रत्येकीने वरची वाट धरावी असा निष्कर्ष मात्र निघत नाही, कारण तीत वेळ, भूल, जाळी व खर्च यांचा भार अधिक असतो. निवड स्त्रीपरत्वे करावी लागते. सर्वसाधारण दिशा अशी सांगता येईल.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीस गर्भाशय व गर्भाशयमुख शाबूत ठेवणारी शस्त्रक्रिया हितकर होय. ती शक्यतो अपत्ये झाल्यानंतर करावी, पण त्रास असह्य असेल तर दुर्बिणीने पट्टी बांधण्याचा मार्ग खुला असतो. अपत्ये झालेल्या, चाळिशी-पन्नाशीच्या, निरोगी स्त्रीस खालच्या वाटेची मँचेस्टर शस्त्रक्रिया, बंधास बांधण्याची शस्त्रक्रिया किंवा गर्भाशय काढणे यांपैकी तपासणीनुसार योग्य ती निवडता येते. पूर्वी गर्भाशय काढलेले असून पुन्हा योनी बाहेर येत असेल आणि स्त्री कष्टाची कामे करणारी असेल, तर त्रिकास्थीस बांधण्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार विशेषेकरून व्हावा. वृद्ध व अनेक व्याधींनी जर्जर स्त्रीस रिंग किंवा योनिमार्ग अंशतः बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते.

ज्या शस्त्रक्रियेचा सर्जनला नित्य सराव आहे, ती त्याच्या हातून सर्वांत सुरक्षित होते, हेही या तुलनेत ध्यानी घ्यावे. क्वचित केलेल्या नव्या शस्त्रक्रियेपेक्षा नित्याची जुनी शस्त्रक्रिया पुष्कळदा बरी.

पिशवी काढणे म्हणजे उपाय नव्हे

गर्भाशय खाली येते ते सैल झालेल्या आधारामुळे, गर्भाशयाच्या दोषाने नव्हे. शिंक्याच्या दोऱ्या तुटल्या म्हणून मडके फेकून दिल्याने शिंके दुरुस्त होत नाही. गर्भाशय काढताना योनीचा वरचा भाग बंधांना नीट बांधला नाही, तर काही वर्षांनी योनीच उलटी होऊन बाहेर येते. नेदरलँड्समधील २०८ स्त्रियांच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात, गर्भाशय ठेवून ते बंधास बांधलेल्या स्त्रियांचे निकाल गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपेक्षा उणे नसल्याचे २०१९ मध्ये दिसून आले.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न महाराष्ट्रात गाजला व शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तेथील कारणे निराळी होती. परंतु कष्टकरी स्त्रीचे गर्भाशय पुरेशा कारणावाचून काढले जाऊ नये, हा धडा सर्वत्र लागू पडतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास 'ते ठेवून दुरुस्ती होईल काय ?' असे विचारण्याचा प्रत्येक स्त्रीस अधिकार आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात कोणाचाही अवमान नाही.

संगमेश्वरच्या स्त्रीने कोठे जावे

वाडीवरील आशा स्वयंसेविका व उपकेंद्रातील परिचारिका यांच्याजवळ स्त्री मोकळेपणी बोलू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक तपासणी होऊन पुढे पाठविण्याची चिठ्ठी मिळते. रत्नागिरीस जिल्हा रुग्णालय असून २०२३ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. शेजारच्या चिपळूण तालुक्यात डेरवण येथे वालावलकर रुग्णालय व त्यास जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत आरंभ झालेली व २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. आपली शस्त्रक्रिया तीत बसते किंवा नाही हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारावे. शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर न्यावे.

डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : कोणता अवयव खाली आला आहे व तो कितव्या पायरीवर आहे ? गर्भाशय ठेवता येईल काय ? जाळी किंवा पट्टी बसविणार काय, आणि असल्यास कोणत्या वाटेने ? विकार उलटल्यास पुढे कोणता मार्ग राहील ?

शस्त्रक्रियेनंतरची शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे जड वस्तू उचलू नये, असा डॉक्टरांचा दंडक असतो. पंधरा लिटरची एक घागर भरली की पंधरा किलोचे ओझे होते. दिवसाकाठी अशा सहा-सात घागरी डोंगर चढून आणणाऱ्या स्त्रीस 'विश्रांती घ्या' म्हणणे सोपे, पण त्या घागरी आणणार कोण, याचे उत्तर रुग्णालयात मिळत नाही. ते घरात व गावात शोधावे लागते. लहान छिद्रांची शस्त्रक्रिया झाली की स्त्रीस लवकर बरे वाटते आणि ती लवकर कामास लागते. आतील टाके मात्र आपला वेळ घेतातच. बाहेरची जखम दिसेनाशी झाली म्हणजे आतील दुरुस्ती पक्की झाली, असे समजू नये.

म्हणून शस्त्रक्रियेची वेळही विचारपूर्वक ठरवावी. भाताची कापणी व झोडणी आटोपल्यानंतरचा काळ कोकणात सोयीचा असतो. लावणीपर्यंत पुरेसा अवधी मिळतो आणि व्यायामही अंगवळणी पडतो. जुनाट खोकल्याचा उपचार करून घ्यावा, बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, आणि पुढील आयुष्यातही ओझे उचलताना श्वास रोखून जोर करणे टाळावे.

गावाने करावयाचे काम

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना वाटेल की हा विषय डॉक्टरांचा आहे. परंतु विकाराची पुष्कळशी कारणे पंचायतीच्या कक्षेतील आहेत. वाडीपर्यंत नळाचे पाणी पोहोचले की घागरींचे ओझे उतरते. धूर नसलेली चूल आली की खोकला व मोळी दोन्ही कमी होतात. प्रसूती रुग्णालयात झाली आणि नंतरचे सहा आठवडे बाळंतिणीस जड काम दिले नाही, तर कटिरतळाच्या स्नायूंना सावरण्यास वेळ मिळतो. महिला ग्रामसभेत व बचत गटांच्या बैठकीत परिचारिकेस बोलावून वर्षातून एकदा या विषयावर बोलणे ठेवले, तर दहा वर्षे लपविलेले दुखणे सांगण्याचा धीर एखादीस निश्चित होईल. शिक्षकांना मुलींच्या आरोग्यशिक्षणात स्नायूंच्या व्यायामाचा परिचय सहज करून देता येईल.

शिरोडकरांनी व त्यांच्या समकालीनांनी या भूमीतील स्त्रीचे दुखणे समोर ठेवून शस्त्रक्रियेच्या नव्या वाटा शोधल्या. आज त्यांपैकी काही वाटा दुर्बिणीच्या छिद्रांतून जातात, तर त्यांहूनही जुनी खालची वाट अद्याप तितकीच चालती आहे. कोणती वाट कोणासाठी, हे ठरविण्याइतके ज्ञान आता उपलब्ध आहे. उणीव आहे ती स्त्रीने वेळेवर बोलण्याची आणि घरादाराने ते ऐकून तिच्या डोक्यावरचे ओझे काही काळ आपल्या डोक्यावर घेण्याची.